मीटर संपल्यावर

ग्रिम्स्बीत तेव्हा पैशालाही मासळीचा वास यायचा.
धूरघराच्या वरच्या मजल्यावर खोली मिळाली,
आठवड्याला दहा शिलिंग.
खाली रात्रभर हॅडॉक टांगलेले, भुसा धुमसत असायचा.
फळ्यांच्या फटींतून धूर वर येई
आणि गाण्यात शिरे. खरंच शिरे.
पहिल्या रेकॉर्डवर मॉरिस खोकतो, ऐका.

नेव्हिल ड्र्यूरी गोदीवर बर्फ फोडायचा.
गिटारला पाच तारा, सहावी पुढच्या पगाराला.
क्लेम स्टॅम्प बेस वाजवायचा, म्हणजे शिकत होता,
आणि ते कुणाला कळू नये म्हणून
भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा.
मॉरिसने मोडका ऑर्गन आणला कोळशाच्या ट्रकमधून,
वडिलांना सांगितलं, चॅपेलसाठी सराव करतोय.
मी ड्रमवर. दिवसा मासे कापायचो,
सुरीने डावी करंगळी अर्धी नेलेली,
त्यामुळे ठेका केसभर उशिरा पडे.
पुढे लंडनच्या लोकांनी त्याला शैली म्हटलं.

दारावर मालकाने खडूने लिहिलेलं:
ओलं लाकूड आणू नये.
नावासाठी तीन आठवडे भांडलो, शेवटी तेच घेतलं.
ओलं लाकूड.

गाणं कसं लिहायचो, विचारतात.
लिहायचो कुठे? ओळ जमिनीवर पडायची,
ज्याच्या पायाला लागेल त्याने उचलायची.
नेव्हिल म्हणे, "ती बंदरावर उभी होती."
क्लेम भिंतीकडूनच म्हणे, "बसलेली."
बसलेली म्हटल्यावर चाल आपोआप जड व्हायची,
मॉरिस एक उदास स्वर दाबून धरायचा
आणि मला हात आखडता घ्यावा लागे.
मग ती बाई उठायची.
कुणी उठवली तिला?

नोव्हेंबरातल्या एका रात्री मीटर संपला.
विजेचा मीटर, शिलिंग टाकला तर चालणारा.
दिवा गेला, गिटार मुकी झाली,
ऑर्गनचा सूर दमलेल्या बैलासारखा खाली बसत गेला.
ड्रमला वीज लागत नाही.
मी वाजवत राहिलो, अंधारात, एकटा,
थांबायचं कसं ते सुचेना म्हणून.
क्लेम खिसे चाचपत होता, किल्ल्या, काड्यापेटी,
मग नाणं पडल्याचा आवाज
आणि तिघेही एकदम परतले, त्याच स्वरावर,
जणू तिथेच दबा धरून बसले होते.
कुणीच बोललं नाही बराच वेळ.

त्या रात्री मासे गुंडाळायच्या कागदावर करार झाला:
चारांची नावं, प्रत्येक गाण्याला.
क्लेम म्हणाला, "मी काय केलं?"
नेव्हिल म्हणाला, "शिलिंग टाकलास."

अकरा वर्षांनी नेव्हिलचीच नोटीस आली.
शब्द माझे, त्याचं म्हणणं, वह्या बघा.
वह्या पाहिल्या. हस्ताक्षर त्याचंच.
पेन्सिल त्याच्याकडे असायची, एवढंच,
पण हे कोर्टात कसं सांगणार?
तो खोटं बोलत नव्हता, यानेच जास्त लागलं.
वकिलाने रेकॉर्ड लावली, त्या अंधाराशी सुई आली,
तर म्हणाला, "इथे गाणं थोडं रिकामं आहे, हे कुणाचं?"
नेव्हिलने टेबलाकडे पाहिलं. मीही.
क्लेम तेव्हा वारलेला होता.

खटला मिटला नाही, विझला. ओल्या लाकडासारखा,
बराच काळ डोळ्यांना झोंबून.

आता दर एप्रिलला चेक येतो, चौथा हिस्सा.
क्लेमचा त्याच्या बहिणीला जातो, ती ठार बहिरी आहे,
त्यातून कोंबड्यांचं खुराडं बांधलं म्हणते.
नेव्हिल नाताळला कार्ड पाठवतो, आत नुसती सही.

परवा रात्री स्वयंपाकघरातली वीज गेली.
बायको मेणबत्ती शोधायला उठली.
मी टेबलावर साडेनऊ बोटांनी
ठेका धरून बसलो होतो.
ती म्हणाली, "पुरे की."
म्हटलं, थांब जरा,
कुणाच्या तरी खिशात असेल.